टीएलसीवर स्पॉट मस्त वेगळे, कॉलममधे मात्र सगळं एकत्र: सिलिका कॉलम सारखा का फसतो आणि काय करायचं

एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की दरवर्षी हाच प्रॉब्लेम समोर येतो. टीएलसीवर (सिलिकाचा पातळ थर लावलेली छोटी प्लेट) दोन स्पॉट छान वेगळे दिसतात, सगळे खूश, मग कॉलम (सिलिका भरलेली उभी काचेची नळी) लावतात आणि पहिल्या टेस्ट ट्यूबपासून शेवटच्या टेस्ट ट्यूबपर्यंत दोन्ही स्पॉट हातात हात घालून खाली येतात. नाहीतर प्रॉडक्ट येतच नाही. नाहीतर येतं पण जेवढं टाकलं त्याच्या निम्मंच येतं. मग तोच माल परत कॉलमला चढवायचा, परत तेच, लिटरच्या लिटर हेक्झेन संपतं, सिलिकाचा डबा रिकामा होतो आणि गाईड विचारतात यील्ड किती. मुलांचे आठवडेच्या आठवडे यात जातात आणि बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं, म्हणून मला माहिती आहे ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. सिलिका ही गाळणी नाही, ती मोठे रेणू अडवून लहान सोडत नाही. ती पृष्ठभागावर चिकटवून ठेवते. कॉलमची नेहमीची सिलिका म्हणजे ६० अँगस्ट्रॉम छिद्रांची, तिच्या एका ग्रॅमला साधारण ५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे ३० ग्रॅम सिलिका भरलीत तर काचेच्या नळीत १५,००० चौरस मीटर, जवळजवळ पावणेचार एकर जागा आहे. त्या पृष्ठभागावर सिलॅनॉल म्हणजे सिलिकॉनला लागलेले ओएच ग्रुप असतात, एका चौरस नॅनोमीटरला साधारण ५, आणि तुमचा रेणू, सॉल्व्हंटचा रेणू, हवेतलं पाणी हे सगळे त्याच ओएचवर हायड्रोजन बाँड करायला टपलेले असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात तसाच प्रकार आहे, जो आधी आणि घट्ट बसला त्याची जागा. जागा एवढ्या दिसत असल्या तरी मोजक्याच आहेत, आणि लँगम्युअरने शंभर वर्षांपूर्वी मांडलेलं समीकरण याच गोष्टीवर उभं आहे की जागा ठरलेल्या आणि एका जागेवर एकच रेणू. त्यामुळे कॉलम फसला की एकच प्रश्न विचारायचा, माझ्या सिलिकाच्या जागा कोणी अडवल्यात? पाण्याने, सॉल्व्हंटने, रिअ‍ॅक्शनमधून उरलेल्या डीएमएफ या सॉल्व्हंटने, की माझ्याच मालाने कारण मी प्रमाणाबाहेर टाकला?

आता एकेक कारण बघू. सगळ्यात जास्त वेळा सापडणारं आधी घेते.

टीएलसीचाच सॉल्व्हंट कॉलमला वापरला

हे इतकं कॉमन आहे की दहा जणांनी विचारलं तर निम्म्यांचं इथेच निघतं. टीएलसीवर स्पॉट ०.६ आणि ०.५ ला आले (हा आरएफ, म्हणजे स्पॉट जितका चढला भागिले सॉल्व्हंट जितका चढला), अंतर दिसतंय, चला हाच रेशो कॉलमला. थांबा आणि जरा गणित करून बघा. कॉलममधून एखादी गोष्ट बाहेर यायला साधारण १ भागिले आरएफ इतके कॉलम व्हॉल्यूम (भरलेल्या सिलिकात मावतो तेवढा सॉल्व्हंट म्हणजे एक) सॉल्व्हंट लागतो. आरएफ ०.६ म्हणजे १.६७ कॉलम व्हॉल्यूम, ०.५ म्हणजे २. दोघांमधे फरक फक्त ०.३३. आता सॉल्व्हंट कमी पोलर करून तेच दोन स्पॉट ०.३ आणि ०.२ वर आणा. प्लेटवर अंतर तेवढंच दिसतंय, ०.१ चंच. पण ०.३ म्हणजे ३.३ कॉलम व्हॉल्यूम आणि ०.२ म्हणजे ५. फरक झाला १.७. म्हणजे डोळ्याला सारखं दिसणारं अंतर कॉलममधे पाचपट झालं.

मिलीमधे सांगते म्हणजे जास्त पटेल. २० मिलिमीटर व्यासाच्या कॉलममधे १५ सेंटीमीटर सिलिका भरली तर ती साधारण २३ ग्रॅम बसते, आणि ढोबळ हिशोबाने एका ग्रॅमला दीड मिली धरलं तर एक कॉलम व्हॉल्यूम ३५ मिलीच्या आसपास. पहिल्या केसमधे दोन्ही बँडच्या (उतरणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्यांमधलं अंतर १२ मिली, म्हणजे तुम्ही १० मिलीच्या टेस्ट ट्यूब भरताय तर जेमतेम एक ट्यूब. बँड स्वतःच त्याहून रुंद असतो, मग वेगळे कसे होणार. दुसऱ्या केसमधे अंतर जवळजवळ ६० मिली, सहा ट्यूब. हे गणित अंदाजाचं आहे, प्लेटवरची सिलिका आणि कॉलमची सिलिका एकसारखी नसते, पण दिशा शंभर टक्के बरोबर दाखवतं.

फ्लॅश कॉलमचा (वरून प्रेशर देऊन चालवायचा कॉलम) जो मूळ पेपर आहे, कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या क्लार्क स्टिल आणि सहकाऱ्यांचा, १९७८ चा, त्यात पण हवा असलेला स्पॉट ०.३५ ला आणा असंच सांगितलंय. मी म्हणेन दोन स्पॉट जवळ असतील तर ०.२ ते ०.३ मधेच ठेवा. आणि रेशो कमी करताना लक्षात घ्या की हेक्झेनमधलं इथाइल अ‍ॅसिटेट ५ टक्क्यांवरून १० केलं तर आरएफ खूप उडतो आणि ५० वरून ५५ केलं तर फारसं काही होत नाही, कारण पहिल्या थोड्या अ‍ॅसिटेटनेच बऱ्याच जागा धरलेल्या असतात. त्यामुळे सुरुवातीला एकेक दोनदोन टक्क्यांनीच वाढवा.

माल जास्त टाकला

टीएलसीवर तुम्ही कॅपिलरीने काही मायक्रोग्रॅम लावता. कॉलमवर दीड ग्रॅम ओतता, त्याच नळीत. जागा भरल्या की बाकीचे रेणू मोकळे पुढे पळतात, मग बँडचं पुढचं टोक धारदार आणि मागे लांबच लांब शेपूट, आणि त्या शेपटीत दुसरा कंपाउंड घुसतो. स्टिलच्याच पेपरमधला हिशोब पाठ करण्यासारखा आहे. दोन स्पॉटमधे ०.२ चा फरक असेल तर २० मिलिमीटर व्यासाला ४०० मिलिग्रॅम माल, ३० मिलिमीटरला ९००, ४० मिलिमीटरला १.६ ग्रॅम. फरक ०.१ चाच असेल तर हेच आकडे १६०, ३६० आणि ६०० मिलिग्रॅम. बघा, फरक निम्मा झाला की माल अर्ध्याहूनही कमी. ज्यांना व्यास मोजायचा कंटाळा त्यांनी वजनाने धरा, सोपं सेपरेशन असेल तर मालाच्या ३० पट सिलिका, नेहमीचं असेल तर ५० पट, अवघड असेल तर १०० पट. आणि लांबच लांब बारीक कॉलम लावून फायदा होतो हा गैरसमज आहे, माल जास्त असेल तर व्यास वाढवा, उंची १५ सेंटीमीटरच्या आसपासच राहू द्या.

मेशकडे (सिलिकाच्या कणांच्या आकाराचा नंबर) पण बघा. डब्यावर ६०-१२० लिहिलंय का १००-२०० का २३०-४००? ६०-१२० चे कण १२५ ते २५० मायक्रॉनचे जाडे असतात, स्वस्त असतात, कॉलेजात तेच जास्त असतात, आणि जिथे स्पॉट एकमेकांपासून लांब आहेत तिथे ते चालतात. पण स्पॉट जवळ असतील तर २३०-४०० म्हणजे साधारण ४० ते ६३ मायक्रॉनचीच घ्या. ती मात्र नुसत्या गुरुत्वाकर्षणाने फार हळू उतरते, त्यामुळे वरून थोडं प्रेशर लागतं. बऱ्याच लॅबमधे माशांच्या टाकीचा छोटा पंप लावतात किंवा बीपीच्या मशीनचा रबरी फुगा, दोन्हीने काम होतं. स्टिलने सॉल्व्हंटची पातळी मिनिटाला २ इंच उतरावी असं दिलंय. काचेच्या कॉलमला याहून जास्त जोर लावू नका, चष्मा घाला, आणि पंप हेक्झेनच्या वाफांपासून लांब ठेवा, मोटरला ठिणगी असते.

लोडिंगमधेच घोळ

सिलिका छान, सॉल्व्हंट छान, पण क्रूड (शुद्ध न केलेला माल) १५ मिली डीसीएममधे (डायक्लोरोमिथेन) विरघळवून वरून ओतला. डीसीएम हेक्झेनपेक्षा कितीतरी पोलर, त्याने माल थेट पाच सेंटीमीटर खाली नेऊन पसरवला आणि मग तुम्ही ५ टक्के अ‍ॅसिटेट सुरू केलं. कॉलम सुरू व्हायच्या आधीच संपला. वरचा बँड एक सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीचा बसला पाहिजे. माल सुरुवातीच्या सॉल्व्हंटमधे विरघळत नसेल तर सरळ ड्राय लोडिंग करा, क्रूड डीसीएममधे किंवा अ‍ॅसिटोनमधे घ्या, त्यात मालाच्या दोन तीन पट सिलिका टाका, रोटावर (रोटरी इव्हॅपोरेटर) सुकवा, पिठासारखी सुटी पावडर झाली पाहिजे, चिकट राहिली तर अजून सिलिका घाला. मग ती पावडर कॉलमवर सपाट पसरा, वर थोडी वाळू. रोटा करताना बंपिंग होऊन सिलिका वर जाते म्हणून तोंडाशी कापूस नाहीतर बंप ट्रॅप लावा, व्हॅक्यूम हळूहळू वाढवा.

आणि क्रूडमधे डीएमएफ किंवा डीएमएसओ उरलंय का ते बघा, हे फार महत्त्वाचं आहे. रिअ‍ॅक्शन डीएमएफमधे केली, वर्कअप घाईत, रोटावर डीएमएफ जात नाही, आणि तेच तसंच कॉलमवर चढवलं. डीएमएफ सिलिकाला जबरदस्त धरतं आणि तुमच्या मालाला सोबत घेऊन खाली जातं, सगळे स्पॉट एक लांब पट्टा होऊन येतात. अ‍ॅसिटेट लेअर पाण्याने चार पाच वेळा धुवा, शेवटी ब्राईन, लिथियम क्लोराईडचं पाणी असेल तर उत्तमच. एनएमआरमधे डीएमएफच्या खुणा, म्हणजे ८ पीपीएमजवळ सिग्नल आणि २.९ च्या आसपास दोन मिथाइल, दिसतायत तोपर्यंत कॉलम लावायचाच नाही.

रिकव्हर केलेला सॉल्व्हंट

आपल्याकडे बजेट कमी, म्हणून रोटाचा गोळा झालेला सॉल्व्हंट परत डिस्टिल करून वापरतात, यात काही चूक नाही, उलट करायलाच पाहिजे. पण त्या कॅनवर 'हेक्झेन' लिहिलेलं असतं आणि आत १५ टक्के अ‍ॅसिटेट असतं. मग तुम्ही ५ टक्के बनवताय असं समजून प्रत्यक्षात २० टक्के लावता आणि सगळं सॉल्व्हंट फ्रंटसोबत पळतं. डिस्टिल केलं म्हणजे वेगळं झालं असं इथे होत नाही, हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट अझिओट्रोप करतात, साधारण ६५ डिग्रीला दोन्ही सोबतच येतात.

तपासायचं कसं? बरेच जण रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स बघतात आणि इथे तोच फसवतो, हेक्झेनचा १.३७५ आणि अ‍ॅसिटेटचा १.३७२, फरक कळणारच नाही. घनता बघा. हेक्झेनची ०.६६, अ‍ॅसिटेटची ०.९०. २५ मिलीचा स्टँडर्ड फ्लास्क घ्या, आधी नव्या बाटलीतलं हेक्झेन भरून वजन करा, मग रिकव्हर केलेलं भरून वजन करा. १० टक्के अ‍ॅसिटेट असेल तर वजन साधारण ०.६ ग्रॅमने वाढलेलं दिसेल. साध्या बॅलन्सवर पण कळतं. आणि असं मिक्स्चर असेल तर फेकायचं नाही, रेशो काढून घ्या आणि त्यात कमी पडेल ते वाढवून वापरा. कॅनवर तारीख आणि घनता लिहायची सवय लावली की पुढच्या बॅचच्या मुलांचं पण भलं होतं.

क्लोरोफॉर्म वापरणाऱ्यांसाठी अजून एक. बाटली बदलली आणि आरएफ बदलला असं होत असेल तर लेबल वाचा. बऱ्याच क्लोरोफॉर्ममधे स्टॅबिलायझर म्हणून अर्धा ते एक टक्का इथेनॉल असतं, काहींमधे त्याऐवजी अ‍ॅमिलीन असतं. एक टक्का इथेनॉल म्हणजे कॉलमसाठी भरपूर झालं, सिलिकाच्या जागा ते लगेच धरतं. एका प्रोजेक्टसाठी एकाच प्रकारचं क्लोरोफॉर्म ठेवा.

पावसाळा आणि उन्हाळा

जूनपर्यंत कॉलम नीट चालतो आणि जुलैत अचानक सगळं वेगाने खाली यायला लागतं, मुंबई, रत्नागिरी, पणजीकडच्या लोकांना हे नक्की ओळखीचं वाटेल. सिलिकाचा डबा उघडा राहिला, हवेत ९० टक्के दमटपणा, तिने पाणी ओढून घेतलं. पाणी म्हणजे सिलिकासाठी सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक, ते एकदा बसलं की तुमच्या इस्टरला किंवा कीटोनला जागाच उरत नाही. आणि गंमत म्हणजे टीएलसी प्लेट तुम्ही ११० डिग्रीला ओव्हनमधे तापवून वापरता, ती कोरडी, कॉलमची सिलिका ओली. मग दोघींचं जुळणार कसं?

चाचणी सोपी आहे. पाच ग्रॅम सिलिका पेट्री डिशमधे पसरून १२० डिग्रीला दोन तीन तास, डेसिकेटरमधे गार, परत वजन. सीलबंद डब्यातल्या सिलिकात पण थोडं पाणी असतंच, पण १० टक्क्यांच्या वर वजन उतरलं तर तुमचा प्रॉब्लेम हाच आहे. सगळी सिलिका अशीच रात्रभर तापवून बंद डब्यात भरा. ४००-५०० डिग्रीच्या फर्नेसमधे मात्र टाकू नका, तिथे पाण्यासोबत सिलॅनॉल पण एकमेकांशी जुळून जातात आणि मग चिकटायला जागाच कमी होतात. अ‍ॅल्युमिनाला तर यासाठी ब्रॉकमनची ग्रेडच आहे, पाणी ० टक्के म्हणजे ग्रेड १, मग ३, ६, १० आणि १५ टक्के पाण्याला ग्रेड २ ते ५. म्हणजे लोक मुद्दाम मोजून पाणी घालून अ‍ॅल्युमिनाची ताकद कमी करतात. नाजूक कंपाउंड असेल तर सिलिकाला पण १० टक्के पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंत हलवून तसं करता येतं, पण ते ठरवून करायचं, पावसावर सोडायचं नाही.

नागपूर, अकोला, चंद्रपूरवाल्यांचं दुखणं मेमधे सुरू होतं. कॉलममधे बुडबुडे, मग तडे, मग तड्यातून बँड तिरका पळतो. डीसीएम ४० डिग्रीला उकळतं, डायइथाइल इथर ३५ ला, ४०-६० चं पेट इथर तर नावाप्रमाणे ४० पासूनच. बाहेर ४४-४५ आणि लॅबमधे एसी नाही तर सॉल्व्हंट कॉलममधेच उकळायला लागतो. अशावेळी ६०-८० चं पेट इथर किंवा हेक्झेन घ्या, डीसीएमऐवजी इथाइल अ‍ॅसिटेट किंवा टोल्यूईनवर जमतंय का बघा, आणि कॉलम सकाळी सातला लावा.

तडे जायचं दुसरं कारण बाराही महिने असतं. सिलिकाला सॉल्व्हंट चिकटताना उष्णता बाहेर पडते. कोरडी सिलिका नळीत भरून वरून अ‍ॅसिटेट ओतलं की हात लावून बघा, नळी गरम लागेल. म्हणून सिलिका आणि सॉल्व्हंटची स्लरी बीकरमधेच करायची, नीट ढवळून बुडबुडे जाऊ द्यायचे, गार झाली की एका दमात ओतायची, बाजूने रबरी नळीने हलके टकटक करायचं. आणि ५ टक्क्यांवरून थेट ५० वर उडी मारू नका, तिथे पण तोच प्रकार होतो. सॉल्व्हंट सिलिकाच्या खाली जाऊ द्यायचा नाही हे तर सगळ्यांना माहीतच आहे, पण जेवायला जाताना कॉक बंद करायला विसरतात.

बँड तिरका उतरत असेल तर नळी सरळ आहे का ते ओळंब्याने बघा, डोळ्याला सरळ दिसते आणि नसते.

प्रॉडक्ट येतच नाही किंवा पट्टा ओढत येतं

तुमच्या रेणूत अमाईन आहे का? सिलॅनॉल थोडे आम्लधर्मी असतात, अमाईन त्यांना जाम धरून बसतं आणि टीएलसीवर पण खालपासून वरपर्यंत शेपूट दिसतं. इल्यूएंटमधे (कॉलममधून सोडायच्या सॉल्व्हंटमधे) अर्धा ते एक टक्का ट्रायइथाइलअमाईन घाला, ते आधी जाऊन त्या आम्लधर्मी जागा धरतं. स्लरी पण त्याच सॉल्व्हंटमधे करा, आणि टीएलसी पण त्याच सॉल्व्हंटमधे चालवून बघा, नाहीतर प्लेट एक सांगेल आणि कॉलम दुसरंच. कार्बोक्झिलिक अ‍ॅसिड असेल तर उलट, अर्धा ते एक टक्का अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, आणि शेवटी टोल्यूईन घालून रोटा केला की ते निघून जातं. मिथेनॉल डीसीएममधे १० टक्क्यांच्या वर नेलंत तर बारीक सिलिका खाली उतरू शकते, फ्रॅक्शन सुकवल्यावर पांढरी पूड दिसली आणि वजन अवाजवी जास्त आलं तर डीसीएममधे घेऊन गाळून परत वजन करा. त्या पांढऱ्या पुडीला प्रॉडक्ट समजून ११० टक्के यील्ड लिहिलेले रिपोर्ट बघितलेत.

बेसिक अ‍ॅल्युमिना हा अमाईनसाठी चांगला पर्याय आहे, फक्त त्यावर अ‍ॅसिटोन वापरू नका, अ‍ॅसिटोन स्वतःशीच अल्डॉल करतं आणि तुमच्या फ्रॅक्शनमधे नसलेली गोष्ट दिसायला लागते. इस्टर असेल तरी बेसिक अ‍ॅल्युमिनापासून जपून.

सिलिकावर माल फुटतोय का?

ही शंका आली की अंदाज बांधत बसू नका, चौकोनी टीएलसी घ्या आणि करून बघा, तास दीड तासाचं काम आहे. साधारण ६ बाय ६ सेंटीमीटरची प्लेट, एका कोपऱ्यात एकच स्पॉट, नेहमीसारखी चालवा. सुकवा. अर्धा पाऊण तास तशीच ठेवा, मग ९० अंशात फिरवा म्हणजे सगळे स्पॉट आता खालच्या कडेला ओळीने येतील, आणि त्याच सॉल्व्हंटमधे परत चालवा. माल टिकाऊ असेल तर सगळे स्पॉट कर्णावर, एका तिरक्या रेषेत बसतील. कर्णाच्या बाहेर कुठे नवा स्पॉट दिसला तर तो सिलिकावर तयार झालाय. तो कुठल्या स्पॉटच्या ओळीत आहे ते बघितलं की कोण फुटतंय ते पण कळतं. अ‍ॅसिटाल, टीएमएस इथर, सिलिल इनॉल इथर, काही इपॉक्साईड, ट्रिटिल ग्रुप ही मंडळी नेहमीची. त्यांच्यासाठी ट्रायइथाइलअमाईन लावलेली सिलिका, न्यूट्रल अ‍ॅल्युमिना नाहीतर फ्लोरिसिल.

डोळ्याने बघायचं असेल तर पालकाचा अर्क सिलिकावर चालवा. वरती पिवळं कॅरोटीन पळतं, आणि हिरवं क्लोरोफिल बघता बघता मळकट करडं होतं, कारण सिलिकाच्या आम्लामुळे त्यातलं मॅग्नेशियम निघून फिओफायटिन होतं. वनस्पतींच्या रंगांवर क्रोमॅटोग्राफी पहिल्यांदा करणाऱ्या मिखाइल त्स्वेतने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सामधे शंभराहून जास्त पदार्थ वापरून बघितले होते आणि कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूची पूड त्याच्या कामाची निघाली, ती आम्लधर्मी नसते. म्हणजे माल बघून अ‍ॅडसॉर्बंट निवडायचा हे पहिल्या दिवसापासूनचं आहे, डब्यात सिलिका आहे म्हणून सिलिका असं नसतं.

क्रूड डांबरासारखं काळं असेल तर कॉलमच्या आधी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल करा. कार्बनचा स्वभाव सिलिकाच्या उलटा, त्याला सपाट, अ‍ॅरोमॅटिक, कमी पोलर रेणू आवडतात आणि तो इथेनॉलसारख्या पोलर सॉल्व्हंटमधे जास्त चांगलं काम करतो. मालाच्या १ ते २ टक्के वजनाने पुरे, ढीगभर टाकलात तर रंगासोबत प्रॉडक्ट पण जातं. उकळत्या सॉल्व्हंटमधे कधीच टाकू नका, उसळून अंगावर येतं, थोडं गार करून टाका, मग परत गरम करा आणि सेलाईटच्या थरातून गाळा.

चूक पद्धतीत आहे की मालात, कळतच नसेल तर

हळदीचा कॉलम लावा. मी नवीन मुलांना पहिला कॉलम हाच लावायला सांगते. सांगलीची हळद सगळीकडे मिळते, पूड आधी हेक्झेनने धुवायची म्हणजे तेल निघून जातं, मग अ‍ॅसिटोनने काढलेला अर्क सुकवायचा. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९५:५ मधे प्लेटवर तीन पिवळे स्पॉट स्पष्ट दिसतात, सगळ्यात वर कर्क्युमिन, मग डीमिथॉक्सी, खाली बिसडीमिथॉक्सी. कॉलमला आधी नुसतं क्लोरोफॉर्म, मग एक दोन टक्के मिथेनॉल. सगळं डोळ्यासमोर पिवळं केशरी उतरतं, यूव्ही नको, आयोडीन नको, बँड कुठे फुगला, कुठे तिरका झाला, कुठे शेपूट आलं सगळं दिसतं.

आणि यात केमिस्ट्री पण किती सुंदर आहे बघा. कर्क्युमिनमधे दोन मिथॉक्सी जास्त, म्हणजे ऑक्सिजन जास्त, तरी ते सिलिकाला कमी चिकटतं. कारण फिनॉलचा ओएच शेजारच्या मिथॉक्सीशी आतल्या आत हायड्रोजन बाँड करून गुंतलेला असतो, सिलिकासाठी तो मोकळाच नाही. बिसडीमिथॉक्सीमधे शेजारी मिथॉक्सी नाही, दोन्ही ओएच मोकळे, ते सिलिकाला घट्ट धरतं आणि शेवटी येतं. नुसते पोलर ग्रुप मोजून क्रम ठरवणाऱ्यांनी हे एकदा बघायलाच हवं.

हळदीचे तीन बँड वेगळे आले तर तुमचा हात, सिलिका, भरणं सगळं ठीक आहे, दोष तुमच्या मालात किंवा सॉल्व्हंटच्या निवडीत शोधा. इथेच सगळं एकत्र आलं तर सिलिका तापवा आणि सॉल्व्हंटची घनता बघा.

सिलिका ओतताना तेवढा मास्क लावा आणि हूडमधेच ओता, ती बारीक धूळ फुप्फुसात जायला नको. हेक्झेन पण उघड्यावर नको, ते नसांवर परिणाम करतं.

रात्रभर कॉलम अर्धवट ठेवून जाऊ नका. बँड पसरतात आणि नाजूक माल तेवढ्या वेळात फुटतो. वेळ कमी असेल तर त्या दिवशी लोडच करू नका.

शेवटी हिशोब. कॉलम झाला की प्रत्येक स्पॉटच्या फ्रॅक्शनचं वजन करा आणि बेरीज टाकलेल्या क्रूडशी लावून बघा. कमी असेल तर कॉलम फेकायच्या आधी ५ ते १० टक्के मिथेनॉल डीसीएममधे घालून दोन तीन कॉलम व्हॉल्यूम सोडा, जे येईल ते सुकवून टीएलसी आणि एनएमआर करा. तिथे प्रॉडक्ट मिळालं तर ते नुसतं अडकलं होतं, सॉल्व्हंट कमी पडत होता, पुढच्या वेळी शेवटी जास्त पोलर करा. प्रॉडक्टऐवजी दुसरंच काही मिळालं, उदाहरणार्थ अ‍ॅसिटालचं अल्डिहाईड, तर ते सिलिकाने फोडलंय, चौकोनी प्लेट करा आणि अ‍ॅडसॉर्बंट बदला. आणि काहीच मिळालं नाही तरी सिलिका बाहेर काढून तिचा रंग वरपासून खालपर्यंत एकदा बघा, वरच्या सेंटीमीटरमधे गडद थर असेल तर तो वेगळा खरवडून मिथेनॉलमधे ढवळून गाळा, बऱ्याचदा हरवलेला माल तिथेच सापडतो.